फोटोखाली सेकंद लिहा

पुण्याहून लोकलने लोणावळ्याकडे निघाले की देहूरोड, बेगडेवाडी आणि मग घोरावाडी हे लहानसे स्टेशन लागते. एक्स्प्रेस गाड्या येथे थांबत नाहीत. धडधडत पुढे तळेगावकडे निघून जातात. समजा, अंधार पडल्यावर रुळांपासून दूर, रस्त्याच्या कडेला कोणी कॅमेरा स्टँडवर पक्का बसवला, शटर दहा सेकंद उघडे ठेवले आणि तेवढ्यात अशी एक गाडी गेली. फोटोत काय उमटेल? विजेचे खांब, झाडे, मागचा डोंगर सारे जागच्या जागी असेल. गाडी मात्र नसेल. तिच्या जागी खिडक्यांच्या उजेडाची एक लांबलचक पट्टी दिसेल, जणू कोणी खडूने ओढलेली. हा फोटो खरा म्हणायचा की खोटा?

माझे उत्तर असे आहे : त्या फोटोखाली ‘दहा सेकंद’ असे लिहिलेले असेल तर तो पूर्ण खरा. तसे लिहिले नसेल तर अर्धाच खरा.

हल्ली रात्रीचे फोटो फार निघतात. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत, स्पर्धांत, दिनदर्शिकांवर आणि प्रत्येकाच्या मोबाइलवर ते दिसतात. घाटातील मोटारींच्या तांबड्या-पांढऱ्या रेघा, गडामागे गोल फिरलेले तारे, दुधासारखा झालेला धबधबा असे त्यांचे विषय. त्यांच्याखाली ठिकाणाचे नाव असते, काढणाऱ्याचे नाव तर असतेच असते. शटर किती वेळ उघडे होते, एकच फोटो आहे की शंभर फोटो एकावर एक चढवले आहेत, याचा मात्र पत्ता नसतो. ही पद्धत बदलली पाहिजे आणि ती बदलण्याची सुरुवात शाळांनी करावी, असे माझे म्हणणे आहे. ते का, ते आता पाहू.

आपला डोळा आणि कॅमेरा यांत एक मोठा फरक आहे. डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही. साधारण एक दशांश सेकंदात जेवढा प्रकाश आला तेवढ्यावर तो चित्र तयार करतो आणि पुढच्या चित्राला लागतो. अंधारात तुम्ही एका ताऱ्याकडे तासभर टक लावून पाहिलेत म्हणून तो अधिक ठळक दिसत नाही. कॅमेऱ्याचे तसे नाही. गळणाऱ्या नळाखाली ठेवलेला हंडा जसा थेंबाथेंबाने भरत जातो, तशी फिल्म किंवा आजकालच्या कॅमेऱ्यातील संवेदक प्रकाश साठवत राहतो. दिवसाच्या साध्या फोटोला एक साठांश सेकंद पुरतो. दहा सेकंद शटर उघडे ठेवले तर त्याच्या सहाशेपट प्रकाश गोळा होतो. म्हणून डोळ्यांना न दिसणारा अंधारातील डोंगर फोटोत दिसू लागतो.

पण या साठवणीचे दोन परिणाम होतात आणि ते एकमेकांच्या उलट आहेत. हलणारी वस्तू उजळ असेल तर ती जाईल तेथे आपला माग सोडते. हलणारी वस्तू काळोखी असेल तर ती पुसलीच जाते, कारण कोणत्याही एका जागी ती पुरेसा वेळ थांबत नाही. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण फार जुने आहे. १८३८ साली दागेर या फ्रेंच संशोधकाने पॅरिसमधील एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला. त्या काळी एका फोटोला काही मिनिटे लागत. घोडागाड्या आणि माणसे ये-जा करीत होती; पण फोटोतला रस्ता ओस पडलेला दिसतो. एका कोपऱ्यात एकच गृहस्थ उमटला आहे, कारण तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा होता. ज्याला काही मिनिटांची गोष्ट ठाऊक नाही तो हा फोटो पाहून काय समजेल? १८३८ साली पॅरिसमध्ये माणसेच नव्हती असे! कॅमेऱ्याने खोटे काही केलेले नाही. सांगणाऱ्याने एक आकडा सांगितला नाही, एवढेच.

आणि हा एक आकडा सांगितला की फोटोचे मोजमाप होऊ शकते. पुन्हा घोरावाडीच्या गाडीकडे वळू. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १६.७ मीटर जाते. दहा सेकंदांत १६७ मीटर. उलट, दहा सेकंदांत एखादा दिवा किती मीटर सरकला हे फोटोवरून कळले, तर वेग काढता येईल. खिडक्यांच्या पट्टीवरून मात्र हे करू नका. त्या पट्टीत गाडीची स्वतःची लांबीही मिसळलेली असते, आणि नेमकी येथेच बहुतेक विद्यार्थ्यांची फसगत होते. त्यापेक्षा एक्स्प्रेस गाडीच्या शेवटच्या डब्यामागे जो लुकलुकणारा तांबडा दिवा असतो, तो धरावा. गाडी दूर जात असताना तिरक्या बाजूने घेतलेल्या फोटोत त्याची सलग रेघ उमटत नाही, तांबड्या ठिपक्यांची माळ उमटते. वीस लुकलुकींना किती सेकंद लागतात हे आधी घड्याळाने मोजून ठेवले की दोन ठिपक्यांमधला काळ मिळाला. रुळांलगतच्या विजेच्या खांबांवर किलोमीटरचा आणि खांबाचा क्रमांक रंगवलेला असतो, त्यावरून अंतराचा अंदाज येतो. मग शिक्षकांनी वर्गात एक प्रश्न जरूर विचारावा : दूरचे ठिपके जवळजवळ आले आहेत, म्हणजे गाडीचा वेग कमी झाला का? खांबही दूर गेल्यावर असेच जवळजवळ दिसतात, हे ज्याच्या ध्यानात येईल त्याला या विषयाची गोडी लागली असे समजावे.

येथे थोडे थांबून एक सूचना करतो. रुळांवर किंवा रुळांलगत जाऊ नका. स्टेशनाच्या आवारात फोटो काढायचा तर स्टेशन मास्तरांना विचारल्याशिवाय काढू नका. देहूरोडच्या बाजूला लष्कराचा मोठा परिसर आहे. तिकडे कॅमेरा वळवायचा नाही. सोबत मोठे माणूस हवेच.

ताऱ्यांच्या फोटोंची गंमत आणखी वेगळी आहे. घोरावाडीजवळच्या घोरवडेश्वराच्या डोंगरात प्राचीन लेणी आहेत हे मावळातल्या मुलांना सांगायला नको. अशा डोंगराच्या पायथ्याशी उत्तरेकडे कॅमेरा रोखला तर ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे १८.७ अंश उंचीवर सापडेल. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंशांची होते. म्हणजे दोन मुठींना थोडे कमी. येथील अक्षांशही तेवढाच आहे, आणि हा योगायोग नव्हे. शटर उघडे ठेवले की पृथ्वीच्या फिरण्यामुळे ताऱ्यांच्या कमानी उमटतात. तासाला पंधरा अंश, चार मिनिटांना एक अंश. ध्रुवताराही अगदी स्थिर नसतो. तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून पाऊण अंशाहून थोडा कमी सरकलेला आहे, त्यामुळे त्याचीही चिमुकली कमान उमटते. आकाशाच्या मध्यवृत्ताजवळचे तारे सर्वांत लांब रेघा देतात. ५० मि.मी. नाभीय अंतराचे भिंग असेल तर तासाभरात तेथील ताऱ्याची प्रतिमा संवेदकावर सुमारे १३ मि.मी. सरकते. त्रिज्या, कोन आणि कंसाची लांबी यांचे सूत्र तुम्हांला येते. हा आकडा स्वतः काढून पाहा.

तेव्हा ताऱ्यांचा फोटो आपली वेळ स्वतःच सांगतो. कोनमापक घ्या, एका कमानीचा कोन मोजा, पंधराने भागा. शटर किती तास उघडे होते ते मिळेल. या साध्या भागाकाराने मोठमोठे फोटो तपासता येतात. आपल्या अक्षांशावर डिसेंबरातील सर्वांत मोठी रात्र सुमारे १३ तासांची असते. संध्याकाळचा आणि पहाटेचा संधिप्रकाश वजा केला तर गडद अंधार सुमारे साडेदहा तास उरतो. साडेदहा गुणिले पंधरा म्हणजे १५७ अंश. याचा अर्थ, सह्याद्रीतील कोणत्याही गडावरून एका रात्रीत घेतलेल्या फोटोत ताऱ्यांची कमान अर्ध्या वर्तुळाइतकीही होऊ शकत नाही. एखाद्या फोटोत पूर्ण वर्तुळे दिसत असतील तर ती संगणकाने पुरी केलेली आहेत, मग खाली कोणाचेही नाव असो. अशी वर्तुळे सुंदर दिसतात, त्याला माझी ना नाही. पण भूगोलाच्या तक्त्यावर ती चिकटवू नयेत.

आता काजव्यांकडे येतो. खरे तर या लेखाचा विषय मला सुचला तो काजव्यांमुळेच. मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस जोर धरण्यापूर्वी, लोणावळ्याजवळच्या राजमाचीच्या परिसरात आणि भंडारदऱ्याकडे काजवे चमकू लागतात. काजवा ही माशी नव्हे, तो भुंगेऱ्यांच्या जातीचा कीटक आहे. त्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचे ऑक्सिडीकरण होऊन उजेड पडतो, आणि त्यात उष्णता जवळजवळ नसते. अनेक जातींत नर उडताना लुकलुकतो आणि मादी गवतातून किंवा झुडपातून उत्तर देते. हे त्यांचे बोलणेच आहे. प्रौढ काजव्याचे आयुष्य थोडे असते, आणि त्या थोड्या रात्रींत हे बोलणे झाले तरच पुढची पिढी निपजते.

या काजव्यांचे जे फोटो आपण पाहतो त्यांत साऱ्या रानावर सोन्याचा सडा पडलेला असतो. तो कसा पडतो याचा हिशेब करू. समजा, एक काजवा सेकंदाला एकदा लुकलुकतो. तीस सेकंद शटर उघडे राहिले तर तो एकटा तीस ठिपके उमटवील. असे शंभर फोटो घेऊन संगणकावर एकावर एक चढवले तर झाली पन्नास मिनिटे. तेवढा वेळ तो समोर राहिला तर त्याचे एकट्याचे तीन हजार ठिपके होतात. वीस काजव्यांचे झाले साठ हजार. फोटो पाहणारा मात्र समजतो की तेथे साठ हजार काजवे आहेत, आणि डोळ्यांनाही ते असेच दिसतात.

मग शनिवारी-रविवारी मोटारी भरून माणसे रानात जातात. तेथे डोळ्यांना एका क्षणी इकडे दोन, तिकडे चार असे दिवे लुकलुकताना दिसतात. एखादे झाड भरलेले सापडले तर गोष्ट वेगळी. एरवी डोळ्यांना दिसणारे दृश्य शांत आणि विरळ असते. ‘फोटोत तर किती होते!’ असे म्हणत मंडळी आणखी आत शिरतात, बॅटऱ्या पाजळतात, मोटारींचे दिवे लावतात, गवत तुडवतात. ज्यांचे बोलणेच उजेडाचे आहे त्यांच्यावर असा झोत टाकणे म्हणजे वर्गात फळ्यावरचे लेखन वाचत असताना कोणी डोळ्यांत आरसा मारण्यासारखे आहे. गवतात बसलेली मादी तुडवली जाते ती वेगळीच. हा सारा दोष फोटोंचा आहे असे मी म्हणत नाही. पण त्या फोटोखाली ‘तीस सेकंदांचे शंभर फोटो एकत्र’ एवढे चार-पाच शब्द असते, तर निम्म्या लोकांची अपेक्षा ताळ्यावर राहिली असती. आणि ठिपक्यांची संख्या पाहून ‘यंदा काजवे वाढले’ असे कोणी लिहिले नसते. वाढले की घटले हे ठरवायचे तर दरवर्षी तीच जागा, तेवढेच सेकंद आणि तेवढेच फोटो हवेत. त्याशिवाय ती तुलनाच नव्हे.

यावर आक्षेप येतो तो कलेच्या बाजूने. फोटो ही कला आहे, तिला आकड्यांच्या दावणीला का बांधता, असे काही जण विचारतात. मला हा आक्षेप पटत नाही. ठेका झपतालाचा आहे की एकतालाचा हे आधी सांगितल्याने गाणे बेसूर होत नाही. जाणकाराला उलट अधिक आनंद होतो. ज्याला आपला फोटो केवळ भिंतीवर लावायचा आहे त्याने आकडा फोटोच्या पाठीमागे लिहावा. पण निसर्गाचा पुरावा म्हणून जो फोटो छापायचा, त्याला ही सूट नाही.

खगोलशास्त्रज्ञांनी ही शिस्त पहिल्यापासून पाळली. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या अभियांत्रिकी विद्यापीठाच्या आवारात, प्रा. कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी भावनगरच्या महाराज तख्तसिंहजींच्या देणगीतून वेधशाळा उभारली होती. तिच्यातील २० इंची दुर्बीण त्या काळी भारतात सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध त्यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून घेतले. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. अशा वेळी कोणत्या काचेवर किती सेकंद प्रकाश घ्यायचा हे आधीच ठरवून लिहून ठेवावे लागते, कारण सूर्याच्या प्रभामंडळाचा आतला भाग तेजस्वी आणि बाहेरचा फिका असतो. १९१२ साली ते निवृत्त झाले आणि ती दुर्बीण कोडाईकनालला गेली. अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत आकाशाच्या पाच लाखांहून अधिक काचा जपून ठेवलेल्या आहेत. शंभर वर्षांपूर्वी अमुक तारा किती तेजस्वी होता हे आज कोणालाही पाहायचे झाले तर त्या काचा बोलतात. आणि त्या बोलतात त्या तारीख, वेळ आणि सेकंद यांची नोंद सोबत आहे म्हणून. नाहीतर त्या ठिपके पडलेल्या नुसत्या काचाच. १८९१ साली मॅक्स वोल्फ यांनी फोटोच्या साहाय्याने पहिला लघुग्रह शोधला तोही असाच. दुर्बीण ताऱ्यांच्या मागे फिरत राहिली, तारे ठिपके राहिले आणि लघुग्रह तेवढा छोटी रेघ होऊन वेगळा पडला. रेघेची लांबी आणि शटरचा काळ यांवरून त्याची चाल मिळते. आमची घोरावाडीची गाडी आणि वोल्फ यांचा लघुग्रह यांचे गणित एकच आहे.

मोबाइलने मात्र एक नवा घोटाळा केला आहे. त्याच्या ‘रात्री’च्या पद्धतीत शटर सलग उघडे नसतेच. तो भराभर पुष्कळ छोटे फोटो घेतो, हाताची थरथर जुळवून ते एकत्र करतो आणि जे हलले ते बरेचसे गाळून टाकतो. काही फोन तर चंद्र ओळखून त्याच्या चित्रातला तपशील आपल्या पदरचा वाढवतात. म्हणून मोजमापासाठी फोनमधली ‘प्रो’ पद्धत वापरा. तिच्यात सेकंद आपण ठरवतो. फोन सांगतो तेवढा वेळ तो खरोखर शटर उघडे ठेवतो का, हे घरच्या घरी तपासता येते. जुन्या स्विचबोर्डावर जो बारीक नारिंगी निऑन दिवा असतो तो आपल्या ५० आवर्तनांच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. खोलीत काळोख करा, एक दशांश सेकंद लावा आणि फोटो निघत असताना फोन झर्रकन आडवा फिरवा. दिव्याची रेघ तुटक उमटेल. तुकडे मोजा, दहाच्या आसपास भरले तर फोन खरे बोलतो. बोर्डाला हात लावण्याची काही गरज नाही.

मावळातील शाळांना एक काम सुचवतो. घोरावाडीच्या एका बाजूला पिंपरी-चिंचवड, दुसऱ्या बाजूला तळेगावचे कारखाने, जवळच द्रुतगती मार्ग आणि २०१२ साली सुरू झालेले गहुंज्याचे क्रिकेट मैदान. रात्रीचे आकाश उजळत चालले आहे असे सारेच म्हणतात. पण किती उजळले याची आपल्या गावाची नोंद गावातच असायला हवी. शाळेच्या गच्चीवरची एक जागा खडूने आखून घ्या. अमावस्येच्या आसपास, सूर्यास्तानंतर दोन तासांनी, तोच कॅमेरा, तेवढेच सेकंद, भिंगाचे छिद्र तेवढेच आणि आय.एस.ओ. हा आकडाही तोच ठेवून चार दिशांचे चार फोटो काढा. पूर्वेचा पुण्याकडचा उजेड आणि पश्चिमेचा लोणावळ्याकडचा काळोख यांची तुलना पहिल्याच रात्री होईल. ढग, धुके, कोणत्या दिव्यांचा उजेड आला, उपग्रहाची रेघ गेली का, हे वहीत लिहा. वही शाळेची असावी, एका मुलाची नको; मुले दहावी होऊन जातात, वही राहते. पाच वर्षांनी ती वही आणि ते फोटो ग्रामपंचायतीपुढे ठेवून रस्त्यावरच्या दिव्यांना झाकण्या मागता येतील.

पावसाळ्याचे चार महिने हे काम बंद राहणार. दिवाळीची अमावस्या पणत्यांची आणि फटाक्यांची, त्या रात्रीचे आकाश नेहमीचे नसते; ती टाळा. महाशिवरात्रही अमावस्येला लागूनच येते, पण त्या रात्री घोरवडेश्वराला यात्रा असते. कार्तिकी अमावस्येला हवा स्वच्छ असते आणि सहामाही परीक्षाही संपलेली असते. तेव्हापासून सुरुवात करा.